खरी कमाई आणि नोंदवहीतली तारीख

एखाद्या मुलाने किंवा मुलीने स्काऊटिंगचे काम आधी केले आणि नोंदणी मागाहून झाली, तर आधीचे काम धरायचे की नाही? या प्रश्नाला बहुतेकांकडे उत्तर तयार असते. नोंदणीच नव्हती तर तो स्काऊट कसला, आणि स्काऊटच नव्हता तर स्काऊटची कामगिरी कुठली? ऐकायला हे भूमितीतल्या सिद्धतेसारखे चोख वाटते. पण या चोखपणात एक गफलत दडलेली आहे. ‘नोंदणी’ या एकाच शब्दाखाली आपण दोन वेगळ्या गोष्टी खपवतो: पथकाचा घटक होणे, आणि घटक असल्याचा कागद तयार होणे. त्या बहुधा एकदमच घडतात, म्हणून त्या एकच आहेत असा समज रुजतो. त्यांच्यात अंतर पडते तेव्हा मात्र संस्थेला ठरवावे लागते की ती मान कशाला देते, कामाला की कागदाला.

माझे म्हणणे असे. नोंदणी हा कामगिरीचा एक पुरावा आहे, तिचा उगम नव्हे. म्हणून नोंदणीपूर्वीच्या कामाला सरसकट नकार देणे चुकीचे आहे. पण ‘बिचाऱ्याने केले ना काम, मग द्या पदक’ हा सरसकट होकारही तितकाच उथळ आहे. स्काऊटची कामगिरी एकजिनसी नसते. तिच्यातला काही भाग कधीही मिळवता येतो, काही भाग पथकात राहूनच मिळतो, आणि कोणता भाग धरायचा हे ठरवताना नोंदणी का झाली नव्हती हे पाहावेच लागते.

वाद कुठे पेटला

हा प्रश्न सर्वांत ठळकपणे अमेरिकेत उभा राहिला. आज ‘स्काऊटिंग अमेरिका’ म्हणवणारी तिथली संघटना तेव्हा ‘बॉय स्काऊट्स ऑफ अमेरिका’ होती. मुलींना प्रवेश देण्याचा निर्णय तिने ऑक्टोबर २०१७ मध्ये जाहीर केला आणि अकरा वर्षांपुढच्या मुलींसाठी दार प्रत्यक्ष उघडले ते १ फेब्रुवारी २०१९ रोजी. पण त्याआधीही काही मुली आपल्या भावांच्या पथकांबरोबर अनौपचारिकपणे वावरत होत्या, शिबिरांना जात होत्या, बॅजसाठीची कामे करत होत्या. न्यूयॉर्कमधल्या अशाच एका मुलीने जाहीर मागणी केली की आधीचे काम धरून आपल्याला ईगल स्काऊट या सर्वोच्च श्रेणीचा मार्ग मोकळा करावा. संघटनेची भूमिका ठाम होती: मोजणी नोंदणीनंतर सुरू होईल.

संघटनेने या मुलींसाठी काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. ईगलच्या अटी अठरा वर्षांच्या आत पुऱ्या कराव्या लागतात. एकवीस मेरिट बॅज लागतात, आणि ‘फर्स्ट क्लास’पासून ‘स्टार’, ‘लाइफ’ अशा पायऱ्या चढत ईगलपर्यंत जाताना पथकातल्या सक्रिय सहभागाचे किमान चार, सहा आणि सहा, म्हणजे सोळा महिने भरावे लागतात. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला हे गणित जमणे अवघड, म्हणून १ फेब्रुवारी २०१९ रोजी सोळा पूर्ण पण अठरा अपूर्ण असलेल्या नव्या सदस्यांना मुदतवाढ मागण्याची सोय ठेवली. नोंदणीपासून चोवीस महिने मिळू शकत होते. थोडक्यात, संघटनेने वेळ दिला, हिशेब दिला नाही. या दोहोंतला फरक बारीक दिसतो, पण वादाचे मूळ तोच आहे. मुदतवाढीतला संदेश ‘आता नव्याने सुरुवात करा, आम्ही थांबतो’ असा आहे, आणि हिशेबातला ‘तुम्ही सुरुवात आधीच केली होती, ती आम्ही पाहिली नाही’ असा. पहिले औदार्य आहे. दुसऱ्यात चूक कबूल करावी लागते, आणि संस्थांना औदार्य नेहमीच सोपे जाते.

चळवळीचे स्वतःचे वय

नोंदणीपासून मोजणी हा नियम स्काऊट चळवळ स्वतःला लावते का? लावत नाही. स्काऊटिंगचा जन्म ऑगस्ट १९०७ चा मानतात, कारण त्या महिन्यात रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचे प्रायोगिक शिबिर भरवले. त्या मुलांची नोंदणी कुठे झाली होती? नोंदणी करणारी संघटनाच तेव्हा नव्हती. बेडन-पॉवेल यांचे ‘स्काऊटिंग फॉर बॉइज’ जानेवारी १९०८ पासून पाक्षिक भागांत निघाले, आणि ते हातात पडताच गावोगावच्या मुलांनी कुणाला न विचारता आपापले संघ बांधले. कार्यालय, नियम, प्रमाणपत्रे ही सगळी मागाहून त्या मुलांना गाठायला धावली. ब्रिटनमधल्या संघटनेला राजसनद मिळाली ती १९१२ मध्ये. तरीही २००७ च्या १ ऑगस्टला जगभरच्या स्काऊटांनी चळवळीची शताब्दी साजरी केली. कागदाच्या हिशेबाने ती चार-पाच वर्षे लवकर झाली म्हणायची.

मुलींची गोष्ट तर याहून बोलकी आहे. ४ सप्टेंबर १९०९ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये स्काऊटांचा मोठा मेळावा भरला. तिथे काही मुली स्काऊटचा वेश करून, ‘आम्हीही स्काऊटच’ म्हणत हजर झाल्या. त्या आल्या म्हणून पुढच्या वर्षी गर्ल गाईड्सची स्वतंत्र चळवळ उभी राहिली. गाईडिंगचा इतिहास सांगताना आज कुणीही त्या मुलींना ‘बिगरनोंदणीकृत’ म्हणून वगळत नाही. उलट इतिहास त्यांच्यापासूनच सुरू होतो.

भारतातही हेच घडले. १९०९ मध्ये बंगळुरूत पहिले पथक निघाले ते युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. भारतीय मुलांना अधिकृत संघटनेत जागा नव्हती. म्हणून मद्रासेत अॅनी बेझंट आणि जॉर्ज अरुंडेल यांनी, तर अलाहाबादेत मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी वेगळ्या संघटना काढल्या. १९२१ मध्ये बेडन-पॉवेल भारतात आले तेव्हा बेझंटबाईंची संघटना अधिकृत संघटनेत सामील झाली. मालवीयांची अलाहाबादची ‘सेवा समिती’ स्काऊट संघटना मात्र वेगळीच राहिली. पुढे ७ नोव्हेंबर १९५० रोजी ‘भारत स्काऊट्स आणि गाईड्स’ ही एकत्रित संस्था झाली. तिचा स्थापना दिन ७ नोव्हेंबर, पण ती आपली परंपरा मात्र १९०९ पासून सांगते, आणि योग्यच करते. जी चळवळ आपल्या कपाळावर कागदाआधीची तारीख मिरवते, तिने तेरा वर्षांच्या पोराला ‘तुझी तारीख मात्र पावतीवरचीच’ असे सांगणे विसंगत आहे. हा युक्तिवाद प्रश्न निकालात काढत नाही, हे मान्य. संस्थेचा इतिहास आणि व्यक्तीचे पदक या निराळ्या गोष्टी आहेत. पण ‘नोंदणीपूर्व काही असूच शकत नाही’ हे तत्त्व म्हणून मांडण्याचा अधिकार यानंतर उरत नाही.

कायदा कागदाकडे कसा पाहतो

‘नियम म्हणजे नियम’ म्हणणारे कायद्याचा दाखला देतील असे गृहीत धरून कायद्याकडेच वळू. आपल्याकडे कागदांचे राज्य आहे असे म्हणतात, पण त्या राज्याचे शासन आश्चर्य वाटावे इतके समंजस आहे. १९०८ च्या नोंदणी अधिनियमाचे कलम ४७ सांगते की दस्तऐवज एकदा नोंदला गेला की तो नोंदणीच्या दिवसापासून नव्हे, तर नोंदणीची गरजच नसती तर ज्या वेळेपासून अमलात आला असता त्या वेळेपासून अमलात येतो. जन्माची नोंद एकवीस दिवसांत करायची असते. उशीर झाला तर शुल्क, प्रतिज्ञापत्र, परवानगी असे सोपस्कार वाढत जातात, पण बाळाची जन्मतारीख पुढे सरकत नाही. उशिराची शिक्षा पालकांच्या खिशाला आणि पायांना होते, बाळाच्या वयाला नाही.

आपल्या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जाणारा निर्णय महाराष्ट्र शासनाच्या अभियंत्यांच्या सेवाज्येष्ठतेबद्दलचा आहे. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने थेट भरती झालेल्या अभियंत्यांच्या संघटनेच्या खटल्यात जी सूत्रे घालून दिली, त्यांतली दोन इथे शेजारी ठेवण्यासारखी आहेत. नेमणूक सुरुवातीला विहित पद्धतीने झाली नसली, तरी माणूस त्या पदावर अखंड काम करत राहिला आणि पुढे नियमानुसार कायम झाला, तर मधला काळ ज्येष्ठतेत धरावा, हे एक. नेमणूक नियमाबाहेरची आणि निव्वळ वेळ मारून नेण्यापुरती असेल, तर तो काळ धरता येणार नाही, हे दुसरे. या सूत्रांवर पुढे बराच काथ्याकूट झाला, तो इथे नको. मला त्यातली विचारपद्धत महत्त्वाची वाटते. नोकरी, पगार, बढती पणाला लागलेली असतानाही न्यायालयाने ‘कागद कधीचा’ एवढ्यावर न थांबता काम अखंड होते का, त्याच पदाचे होते का आणि शेवटी नियमात बसले का, असे प्रश्न विचारले. मुलांच्या चळवळीला याहून कडक होण्याचे कारण काय?

कामगिरीचे पदर

आता मुख्य मुद्दा. स्काऊटची प्रगती म्हणजे नेमके काय मोजतात? आपल्याकडे प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार अशा पायऱ्या आहेत. अमेरिकेत नावे वेगळी, पण रचना सारखीच. प्रत्येक पायरीवर तीन निरनिराळ्या जातीच्या अटी एकत्र गुंफलेल्या असतात, आणि वादाचा गोंधळ त्या न सोडवल्यामुळेच होतो.

पहिली जात कौशल्याची: गाठी, प्रथमोपचार, होकायंत्र, नकाशा, स्वयंपाक, पोहणे. कौशल्य हे माणसात राहते. ते कधी शिकले याला महत्त्व नाही, आज येते का याला आहे. ज्या मुलाला बोलाइन गाठ बांधता येते त्याला ती आजोबांनी नावेवर शिकवली की स्काऊट मास्तरांनी मैदानावर, हे गाठीला कळत नाही. आपल्याकडे सतरा नंबरचा फॉर्म भरून, नियमित शाळेत न जाता दहावीची परीक्षा देता येते. मंडळ विचारते ते उत्तरपत्रिकेला. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने औपचारिक शिक्षण नसलेल्यांना पूर्वतयारी शिक्षणक्रमातून पदवीची वाट करून दिली तीही याच तत्त्वावर. तेव्हा कौशल्याच्या बाबतीत उत्तर सरळ आहे: परीक्षा आज घ्या, उत्तीर्ण झाला तर पूर्ण श्रेय द्या. ‘पुन्हा शिक’ म्हणणे हा वेळेचा अपव्यय आणि मुलाच्या बुद्धीचा अपमान.

गंमत म्हणजे अमेरिकेच्या संघटनेलाही हे पटते. मेरिट बॅजचे काम नोंदणीनंतर केव्हाही सुरू करता येते, पण त्यासाठीचे निळे कार्ड सहीनिशी हातात येण्याआधी केलेले काम धरायचे की नाही हे समुपदेशकाने ठरवावे आणि तारतम्य वापरावे, असे तिच्या मार्गदर्शिकेत आहे. आधी जमवलेली नाणी किंवा तिकिटे त्या-त्या बॅजसाठी धरावीत, हे उदाहरणही तिथेच दिलेले आहे. आठव्या वर्षी चिकटवलेले तिकीट अकराव्या वर्षी चालते. मग आधी शिकलेले प्रथमोपचार का चालू नयेत?

दुसरी जात सेवेची. इथे काम बाहेरच्या जगात झालेले असते: झाडे लावली, पूरग्रस्तांसाठी धान्य गोळा केले, वाचनालयाची डागडुजी केली. हे पुन्हा ‘करून दाखव’ म्हणता येत नाही. झालेली सेवा परीक्षेपुरती परत होत नाही. तिचा पुरावा बाहेरून घ्यावा लागतो, आणि ती स्काऊटच्या भावनेने, म्हणजे मोबदल्याविना आणि जबाबदारीने झाली का, हे विचारावे लागते. महाराष्ट्रातल्या स्काऊट-गाईडना ‘खरी कमाई’ हा शब्द चांगला ठाऊक आहे. घरोघरी जाऊन लहानसहान कामे करायची आणि कष्टाचा पैसा मिळवायचा, हा तो उपक्रम. त्याच्या नावातच निकष आहे. कमाई खरी ठरते ती कष्टाने; पावतीपुस्तकाने फक्त तिची बेरीज जुळते.

तिसरी जात सहवासाची, आणि खरी अडचण इथे आहे. अमुक महिने पथकात सक्रिय असणे, संघनायकाची जबाबदारी पेलणे, इतक्या रात्री शिबिरात काढणे. अमेरिकेच्या सुरुवातीच्या श्रेणींतल्या काही अटींत ‘दाखल झाल्यापासून’ असे शब्द मुद्दाम घातलेले आहेत, आणि ते निरर्थक नाहीत. वडिलांबरोबर सह्याद्रीत पन्नास रात्री तंबूत काढलेला मुलगा गिर्यारोहणात तरबेज असेल. पण आठ जणांच्या संघात भांडी घासण्याची पाळी कुणाची यावरून झालेले भांडण त्याने मिटवलेले नाही. सहवासाच्या अटी नेमके तेच मोजतात. म्हणून त्या पथकाबाहेर पुऱ्या होत नाहीत, हे मला मान्य आहे. मात्र पथकाबाहेर आणि नोंदणीबाहेर यांत अंतर आहे. जी मुलगी दोन वर्षे दर आठवड्याला पथकात उभी होती, पाळीने भांडी घासत होती, फक्त तिचे नाव यादीत लिहायला बंदी होती, तिचा सहवास झालाच. घरच्या तंबूतला मुलगा आणि ही मुलगी यांना एका मापाने नाकारणे म्हणजे ‘दाखल होणे’ या शब्दाचा अर्थ शुल्काच्या पावतीपुरता आकसवणे. आपल्या पद्धतीत तर स्काऊटचे जीवन दीक्षाविधीने, वचन घेऊन सुरू होते. पावती फाडल्याने होत नाही.

दार कोणी लावले होते

सहवासाच्या अटींचा निकाल लावताना आणखी एक प्रश्न विचारावाच लागतो, आणि नियमवादी तो कधी विचारत नाहीत. नोंदणी झाली नव्हती ती कुणामुळे? तीन शक्यता आहेत. मुलाने किंवा पालकांनी कंटाळा केला. शाळेने यादी आणि शुल्क उशिरा पाठवले. किंवा संस्थेनेच दार बंद ठेवले होते. पहिल्या बाबतीत सहवासाचे श्रेय न देणे न्याय्य आहे. दार उघडे असताना बाहेर उभे राहण्याची किंमत असते. दुसऱ्या बाबतीत दोष मोठ्यांचा. जूनपासून कवायत करणाऱ्या मुलांचे महिने ऑक्टोबरपासून मोजणे म्हणजे मुख्याध्यापकांच्या टेबलावरच्या धुळीचा दंड सातवीच्या मुलांकडून वसूल करणे. तिसरी बाब सर्वांत स्वच्छ आहे. स्वतःच्या चुकीचा फायदा कुणालाही घेता येऊ नये, हे न्यायाचे जुने तत्त्व. ज्या संस्थेने नाव लिहून घ्यायला नकार दिला, तिनेच ‘नाव कुठे आहे?’ असे विचारू नये.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो सर्वांत वजनदार आहे. नोंदणी म्हणजे नुसती यादी नव्हे. तिच्यामागे विमा, पालकांची संमती, मोठ्यांची पार्श्वभूमी-तपासणी असते. नोंदणीबाहेरच्या कामाला श्रेय दिले तर पथकप्रमुख मुलांना यादीबाहेर ठेवायला सोकावतील. अमेरिकेच्या संघटनेने फेब्रुवारी २०२० मध्ये दिवाळखोरी संरक्षण मागितले ते लैंगिक अत्याचाराच्या दाव्यांमुळे, आणि त्या प्रक्रियेत ८२ हजारांहून अधिक दावे दाखल झाले. ही पार्श्वभूमी असताना कागदांचा आग्रह धरणाऱ्याला खडूस म्हणून उडवून लावता येणार नाही. पण हा आक्षेप नेमका कुणाविरुद्ध जातो ते पाहा. नोंदणीबाहेरचे मूल शिबिराला नेणे हा मोठ्यांचा दोष आहे. त्याबद्दल पथकप्रमुखाची मान्यता काढा, पथकाला दंड करा, हवे तर पथक बंद करा. मुलाचे श्रेय कापून मोठ्यांना धाक बसत नाही. ज्याला धोक्यात घातले त्यालाच वर शिक्षा होते. शिवाय ज्यांच्यावर आरोप झाले त्यांतले कितीतरी जण रीतसर नोंदलेले पथकप्रमुख आणि स्वयंसेवक होते. अपात्र ठरवलेल्यांच्या फायली संघटनेकडे १९२० च्या दशकापासून होत्या. कागद होते; ते उघडून पाहण्याची इच्छा कमी पडली.

दुसरा आक्षेप खोट्या दाखल्यांचा. महाराष्ट्रात दहावी-बारावीला स्काऊट-गाईडना सवलतीचे गुण मिळू शकतात, रेल्वेत स्काऊट-गाईड कोटा आहे. पदकाला बाजारभाव आला की मागच्या तारखेचे दाखले निघणारच. भीती खरी आहे, पण नोंदणी हा त्यावरचा उतारा नाही. नोंदवही एका रात्रीत, एकाच शाईने भरता येते, हे आपल्या शाळा जवळून पाहणाऱ्या कुणालाही सांगायला नको. फसवणूक रोखते ती तपासणी. आणि मी सुचवतो त्या पद्धतीत कौशल्याची परीक्षा आज, सेवेचा पुरावा त्रयस्थाकडून आणि सहवासाची साक्ष एकाहून अधिक जणांकडून घेतली जाते. नोंदणीनंतरच्या कामाची इतकी छाननी आज होत नाही.

तिसरा आक्षेप मला अधिक छळतो. ज्या मुलींनी नियम पाळला, दार बंद आहे म्हणून घरी बसल्या, त्यांचे काय? अनधिकृतपणे आत शिरलेलीला पूर्वीचे श्रेय मिळाले तर आज्ञाधारक मुलगी मागे पडते. याला पूर्ण समाधानकारक उत्तर नाही. पण घरी बसलेल्या मुलीचे नुकसान दाराने केले, आत गेलेल्या मुलीने नाही. आणि एकीचे नुकसान भरून येत नाही म्हणून दुसरीचेही करा, हा समतेचा विचित्र अर्थ झाला. घरी बसलेल्या मुलीला मुदतवाढ हवी, काम केलेल्या मुलीला हिशेब हवा. अमेरिकेत दोघींना एकच औषध दिले गेले.

पदकावर तारीख कोणती

या तिसऱ्या आक्षेपात तथ्याचा एक कण आहे, तो ‘पहिली कोण’ या शर्यतीचा. मागचे काम धरले तर श्रेणीची तारीखही मागे न्यायची का? नाही. कामाची तारीख आणि श्रेणी बहाल होण्याची तारीख वेगळ्या ठेवाव्यात. दस्त मागच्या तारखेपासून अमलात येतो म्हणून नोंदणी कार्यालयाचा शिक्का कुणी मागच्या तारखेचा मारत नाही. मूल्यमापन मंडळ ज्या दिवशी सगळे तपासून मान्यता देईल, तोच दिवस श्रेणीचा. अमेरिकेच्या संघटनेने निदान हा भाग शहाणपणाने हाताळला: फेब्रुवारी २०२१ मध्ये जवळजवळ एक हजार मुलींचा पहिला ईगल वर्ग एकत्रच जाहीर झाला, आणि ‘पहिली’ हा किताब कुणा एकीच्या गळ्यात पडला नाही. पूर्वीच्या कामासाठी झगडलेली न्यूयॉर्कची मुलगीही त्यांच्यात होती. सगळ्या अटी तिने नोंदणीनंतर पुऱ्या केल्या, म्हणजे तिला येत असलेल्या अनेक गोष्टी तिने दुसऱ्यांदा केल्या.

आपल्याकडे यासाठी नवा कायदा नको, समितीही नको. प्रगती नोंदवहीत आज सहीशेजारी तारखेचा एक रकाना असतो, तिथे दोन हवेत: काम केव्हा झाले आणि ते केव्हा तपासले. जिथे पहिली तारीख नोंदणीआधीची असेल तिथे तपासणाऱ्याने कारणाची एक ओळ लिहावी, त्याखाली सही करावी, आणि ती सही जिल्हा कार्यालयाने विचारली तर उत्तर द्यायला तयार असावे. त्या ओळीत ‘नोंदणी शुल्क शाळेकडून उशिरा जमा’ असे लिहिण्याची वेळ एखाद्या स्काऊट मास्तरावर दोन-तीनदा आली, तर चौथ्या वर्षी यादी जूनमध्येच जाईल.